नमनालाच घडाभर

सात दिवसांच्या सुट्टीसाठी
तीन आठवडे चाललीय ही बांधाबांध.
कॉर्कहून फारो, तीन तासांचंसुद्धा विमान नाही,
आणि स्वयंपाकघरात जमिनीवर
आ वासून पडलेली ही बॅग,
जी कशानेच भरत नाही
आणि बंदही होत नाही.

फिंटन याद्या करतो.
विमा, चार्जर, तापाचं औषध,
उन्हाचं मलम, पन्नास नंबरचं.
आमच्याकडे ऊन म्हणजे पाहुणा,
आला की खुर्ची द्यायची, कौतुक करायचं,
बूड टेकायच्या आत निघतो तो.
तिथे म्हणे घरमालक आहे.

नेसाच्या फोटोत दोन संध्याकाळी गेल्या.
नियम असा की डोळे उघडे, तोंड मिटलेलं,
आणि आधाराचा हात दिसता कामा नये.
पाच महिन्यांच्या मुलीला
आधाराचा हात नको!
पांढऱ्या चादरीवर तिला निजवून मी खुर्चीवर चढले,
फिंटनने टेबलाखालून मांजराचा आवाज काढला,
ओशीनने शेजारचं खरंच मांजर आणलं.
एक्केचाळिसावा फोटो चालला.

तो घेऊन गार्डा चौकीत.
काउंटरमागच्या बाईंनी फोटो पाहिला,
मुलगी पाहिली, परत फोटो,
आणि मागे सही ठोकली, हीच ती म्हणून.
पासपोर्ट हातात येईतो
हीच ती राहिली नव्हती.
केस आले होते, आणि आजोबांची हनुवटी.

शेजारच्या नोरीनबाई कुंपणावरून म्हणाल्या,
थोडी मोठी होऊ द्यायची गं, सॉरका,
या वयात त्यांना काय आठवणार?
मी म्हटलं, मला आठवेल की.
जरा तोडूनच बोलले. मांजर परत दिलं.

ओशीनला वाटतं, पोर्तुगाल हा कुणीतरी काका आहे.
पोर्तुगालकडे कुत्रा आहे?
पोर्तुगाल रात्री दिवा लावून ठेवतो?
आणि काल, दात घासताना, फेसातूनच,
आपण गेल्यावर तो दार उघडेल ना?
उघडेल, म्हटलं.
(आमची कागदपत्रं मी त्यानंतर
पुन्हा एकदा मोजली.)

त्याने आपलं सामान आपणच भरलंय.
एक बूट. डाव. टीव्हीचा रिमोट.
आणि ली नदीकाठचा एक दगड, मोज्यात घातलेला,
कारण तो झोपलाय.

बॅगेचा आतला कप्पा मी शेवटी तपासला.
हीच बॅग घेऊन गेले होते ना
गेल्या ऑक्टोबरात, घाईघाईत, सात आठवडे आधी.
पार्किंगची पावती निघाली, विटलेली,
आणि मनगटावरची ती पट्टी,
माझ्या अंगठ्यातही जेमतेम जाईल अशी.
तिच्यावर नाव नव्हतं तेव्हा,
नुसतं सॉरकाची मुलगी, आणि एक आकडा.

सदतीस दिवस.
काचेच्या पेटीपलीकडचा तो मुलूख,
तिथली भाषा सगळी टिकटिक आणि हिरव्या रेघा,
आम्ही तिचे दोनच शब्द शिकलो,
बरं आणि बरं नाही.
प्रवेश रोज नव्याने मिळायचा.
हात कोपरापर्यंत धुवायचे,
अंगठी काढायची,
मग आत.

मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी?
विमानकंपनीच्या बाईने फोनवर विचारलं.
हो, म्हणाले मी.
कोण सांगत बसणार.

पट्टी होती तिथेच ठेवली, चेन ओढली.
फिंटन बॅगेला धरून वजनाच्या काट्यावर उभा राहिला,
मग एकटा उभा राहिला, मग वजाबाकी.
वीस किलो चारशे.
टॅक्सी पहाटे साडेतीनला.
काय काढायचं, बोल लवकर.

माझ्या नव्या सँडल काढल्या.
मोजा जरा चाचपला
आणि कपड्यांमध्ये खोल सरकवला,
जागा होऊ नये म्हणून.